एका हाताचा दाणा

रविवारी सकाळी गारगोटीनं दाणा टाकला. ही बातमी पागेतून स्वयंपाकघरात पोचली तेव्हा चहाला अजून उकळीही फुटली नव्हती. या घरात माणूस जेवला नाही तर 'नसेल भूक' म्हणून ताटावर झाकण ठेवतात, पण घोडं जेवलं नाही की सगळं घर अनवाणी बाहेर पळतं. धाकटी सून गॅस बंद करून सगळ्यांच्या मागून निघाली. पाय निघाले खरे, पण जीव ओट्यापाशीच राहिला होता, कारण घोडीनं दाणा का टाकला हे आपल्याला ठाऊक आहे अशी तिची खात्री होती.

आणि नेमका आजचा दिवस. आज जावईबापू येणार होते. घरचे जावई, शिवाय जनावरांचे डॉक्टर, म्हणजे त्यांच्या शब्दाला दुप्पट वजन. ते गारगोटीला रिंगणात दुडक्या चालीनं फिरवून बघणार होते. सरळ चालली तर ती पागेतच राहणार, शिकाऊ पोरांना पाठीवर घेत. लंगडली तर लांबच्या कुरणावर जाणार, जिथं थकलेली घोडी सोडून देतात. मामंजींनी हे थंडी सरता सरता ठरवलं होतं, आणि मामंजींनी ठरवलं की ते ठरलं.

घोडी थोरल्याची, म्हणजे मामंजींच्या मोठ्या मुलाची. शिंगरू असल्यापासून त्यानंच तिला वाढवली, तिच्यावर अर्ध्या गावाला घोड्यावर बसायला शिकवलं आणि एक दिवस तोच गेला. तेव्हापासून त्याची बायको, म्हणजे घरातली थोरली, पागेच्या टोकाचं दाणाघर सांभाळत होती. ओट, कोंडा, जवस, मिठाचे खडे आणि एक छोटी शेगडी, एवढाच काय तो संसार. पण बाकी घरात पाहुण्यासारखी वावरणारी ही बाई दाणाघरात शिरली की तिचा आवाजच बदलायचा. कमरेची किल्ली गेली असती तर तिच्याजवळ या घरात आपलं म्हणावं असं काही उरलं नसतं, आणि हे धाकटीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

थंडीत गारगोटीचे गुडघे धरले तेव्हा थोरलीनं हळद काढली. धाकटीनं ते काम पहिल्यांदा बघितलं आणि ती गुंतलीच. बेकरीवाल्याची मुलगी ती, मापात चालणारा हात तिला लगेच ओळखू यायचा. थोरली पाण्यात हळद कालवून मंद आचेवर ठेवायची आणि खळीसारखी घट्ट होईपर्यंत पळी थांबवायची नाही. मग खाली उतरवून तेल, आणि अगदी शेवटी ताजी कुटलेली मिरी. गार झालं की बोट बुडवून आधी स्वतः चाखायची. "घोड्याला जे द्यायचं ते आपल्याला गिळता आलं पाहिजे," असं म्हणायची आणि तोंड असं काही करायची की धाकटीला हसू आवरत नसे. पहिल्या दिवशी ओल्या कोंड्यात फक्त चिमूटभर. घोडीनं नाक वर केलं, तर दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. हट्ट नाही, घाई नाही. रोज लीद बघायची, हिरड्या बघायची, मग कुठं मात्रा वाढवायची. एका चमच्यावर येऊन थांबली ती थांबलीच.

हळूहळू घोडी उतारावर थबकेनाशी झाली. जावईबापूंनी गुडघ्यावरून हात फिरवत म्हटलं होतं, "हळदीनंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. उन्हंही तापायला लागलीत. पण पुष्कळांना गुण आलेला ऐकलाय. मापात राहा, आणि तिनं तोंड फिरवलं की त्या क्षणी बंद."

आता तिनं तोंड फिरवलं होतं.

पागेच्या दारात जावईबापूंची गाडी थांबली. ते उतरायच्या आत वन्सं उतरल्या. धाकटीच्या या नणंदेचं माहेरावर अतोनात प्रेम, आणि प्रेमाची भाषा म्हणजे तोंडाचा पट्टा.

"काय झालं? वहिनी, काय झालं? मी सांगत होते ना, बंद पोत्यातलं तयार खाद्य आणा म्हणून. त्यावर लिहिलेलं तरी असतं आत काय आहे ते."

"आधी बघू तर दे त्यांना," थोरली शांतपणे म्हणाली. रात्री दाणा संपवलेली घोडी सकाळी अशी उभी बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात गारगोटीच्या मानेवर तसाच फिरत होता.

जावईबापूंनी नळी कानाला लावून पोटाच्या दोन्ही बाजू ऐकल्या, हिरड्या दाबून बघितल्या, लीद काठीनं उकलली. अंगणात मामंजी आपल्या खुर्चीत बसले होते. थोरला गेल्यापासून म्हाताऱ्यानं पागेचा उंबरा ओलांडला नव्हता. सगळा कारभार खुर्चीतून चालायचा, आणि आवाज एवढा दमदार की शेवटच्या दावणीचं घोडंसुद्धा कान टवकारायचं.

"काय म्हणते?" तिथूनच त्यांनी विचारलं.

"जिवाला धोका नाही, बाबा. पोट बिघडलंय. आतून जळजळ होत असणार." जावईबापू हात पुसत बाहेर आले. "वहिनी, हळद किती चाललीये?"

"एक चमचा. सकाळी."

"एका चमच्याचं हे काम नाही."

"मी एकच देते."

"मग मोठा चमचा असेल," धाकटीचा नवरा मध्येच बोलला. तो पोरांना घोडेस्वारी शिकवतो. उंच, बडबड्या, आणि आज काहीसा घाईत. "वहिनी, तसं नाही, पण परवा जरा बरी चालली म्हणून तुम्हालाही वाटलं असेल, द्यावं थोडं जास्त."

"अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायची सवय तुझी आहे, भावजी. माझी नाही."

"बघा, बोलायची सोय नाही," तो बहिणीकडे वळला, आणि बहीण तयारच होती. एरवी या दोघांचं कोंबड्यांसारखं जुंपलेलं असतं, पण वहिनीविरुद्ध उभं राहायचं तर भावंडांची गट्टी लगेच जमते. वन्सं म्हणाल्या, "तो काही चुकीचं बोलत नाही. आपण लाडानं करतो, पण मुकं जनावर आहे ते. कुणीतरी जबाबदारी घ्यायला नको?"

जबाबदारी. हा शब्द खुर्चीपर्यंत बरोबर पोचला. मामंजींनी काठी जमिनीवर टेकली.

"या पागेचा नियम एकच आहे," ते म्हणाले. "एका घोड्याला एक हात. माझ्या वडिलांच्या काळात दोघांनी एकमेकांना न सांगता दाणा दिला आणि चांगलं उमदं घोडं पोट फुगून गेलं. त्या दिवसापासून ज्याच्या हाती दाणा, त्याच्याच माथी घोडं. बरं झालं तर त्याचं, बिघडलं तरी त्याचंच." ते क्षणभर थांबले. "सूनबाई, गारगोटी तुमच्या हाताखाली होती. दाणाघराची किल्ली ठेवा."

थोरलीनं कमरेची किल्ली सोडली आणि पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर ठेवली. वाद नाही, रडणं नाही. फक्त म्हणाली, "दुपारचं पाणी कोमट करून द्या तिला. गार पाण्यानं कळ येईल."

हे वाक्य धाकटीच्या काळजात घुसलं. किल्ली हिरावून घेतली त्या क्षणीसुद्धा ही बाई घोडीच्या पाण्याचा विचार करत होती. आणि आपण? आपण इथं चोरासारख्या उभ्या. लग्न होऊन आली तेव्हा तिला घोड्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं एवढंच कळत होतं, असं वन्सं अजूनही पाहुण्यांना सांगायच्या. तिला खरारा धरायला शिकवलं थोरलीनं. लाथ कधी बसणार हे कानांवरून ओळखायला शिकवलं थोरलीनं. मागच्या आठवड्यात दाणाघरात मिरी कुटता कुटता थोरली सहज म्हणून गेली होती, "ही कुरणावर गेली तर सकाळी उठून मी कुणासाठी इथं येऊ?" त्या एका वाक्यानं धाकटीची झोप उडाली होती. म्हणून तर तिनं ते केलं होतं.

"मामंजी," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाली, "मामंजी, जाऊबाईंचा दोष नाही. मी दिली हळद."

"तू?"

"पावात मळून. शिळ्या पावाच्या आतला गर काढायचा, त्यात हळद, तेल, मिरी भरायची आणि वरून बूच लावायचं. बेकरीत आम्ही तसंच सारण भरतो. तिला कळायचंही नाही." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबवेना. "मला वाटलं, एका चमच्यानं एवढा फरक पडला, तर आणखी एकानं रविवारपर्यंत धावायला लागेल. ती गेली असती तर जाऊबाई… मला ते बघवलं नसतं. माझ्याकडून काय घ्यायचं ते घ्या, पण त्यांची किल्ली त्यांना द्या."

थोरलीनं वळून तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर धाकटीला बरं वाटलं असतं. पण त्या नजरेत राग नव्हता, आणि त्यामुळे तिला आणखीच रडू फुटलं.

"पी हळद नि हो गोरी," वन्सं पुटपुटल्या. "आधीच पांढरी घोडी, तिला किती गोरी करणार होतीस?"

पण जावईबापू हिशोब जुळत नसल्यासारखे डोकं हलवत होते. "दोन चमच्यांनीही इतकं होत नाही. आणखी कुणी?"

आता गंमत बघा. मघाशी वहिनीच्या चमच्याचा आकार काढणारा धाकटा एकाएकी रिंगणाच्या कुंपणाकडे बघायला लागला. जसं काही कुंपण त्यानं आज पहिल्यांदाच पाहिलं. त्याच्या बायकोनं त्याला बरोबर ओळखलं.

"अहो," ती म्हणाली.

"सफरचंदात," तो म्हणाला.

"काय?"

"सफरचंदात दिली. बिया काढून टाकायच्या आणि तिथं भरायची. शिकवणी संपली की रोज." त्याचे कान लाल झाले. "दादानं मला याच घोडीवर बसवलं होतं. पहिल्यांदा पडलो तेव्हा ही जागची हलली नाही, पाय उचलून तशीच उभी राहिली, मी बाहेर सरपटत येईपर्यंत. तिला मी लंगडताना दाखवणार होतो का जावईबापूंना?"

"आणि दोष मात्र वहिनीवर ढकललास," वन्सं कडाडल्या. एका क्षणात युती मोडली, बाई वहिनीच्या बाजूला जाऊन उभ्या. "लाज नाही वाटत? ती बिचारी गप्प उभी आहे आणि तू चमच्याचा आकार काढतोस."

"तू नाही का पोत्यांची जाहिरात केलीस?"

"मी खाद्याबद्दल बोलले, हळदीबद्दल एक अक्षर बोलले नाही."

"तेच म्हणतोय मी," जावईबापू हळूच म्हणाले. "हळदीबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. आपल्या गाडीच्या डिकीत डबा कसला असतो गं, पिवळ्या झाकणाचा?"

वन्संनी पदर सावरला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "मी फक्त आले की द्यायचे. काल संध्याकाळी आले होते, म्हणून काल दिली. जरा जास्त दिली. आज हे तिची चाल बघणार होते म्हणून."

"म्हणजे या घरात फक्त मांजरानं हळद दिलेली नाही," जावईबापू म्हणाले.

थोरली तेवढ्यात हसली. एवढं सगळं होऊन ती हसली, आणि धाकटीला पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटलं. "मी वेड्यासारखी रोज लीद बघून डोकं खाजवतेय," थोरली म्हणाली, "की मात्रा तीच, मग ही पातळ का. आज कमीच करणार होते. तुम्ही सगळे चोरून खायला घालत होतात आणि मी माझ्या हाताला दोष देत होते." आणि मग जरा आवाज चढवून, "एकानं तरी सांगायचं होतं. ती मेली असती तर तुमच्या प्रेमाला मी काय जाळायचं होतं?"

अति तेथे माती हे लहान पोराला कळतं, पण आपलं प्रेम अति होतंय हे कुणाला कळतं? धाकटीला वाटलं, ही बाई एकटीच होती जिनं घोडीवर माप धरून प्रेम केलं.

"तिला जरा उजेडात आणा," जावईबापू म्हणाले. "डोळे बघू, मग औषध देऊ."

थोरलीनं गारगोटीला सोडवलं. दोर नुसता हातात होता, ओढायची गरजच नव्हती. दारातून बाहेर पडताना फरसबंदी उतार आहे, तिथं थंडीत घोडी पाऊल टाकायच्या आधी थरथरायची. आज तिनं उतार बघितलासुद्धा नाही. मान खाली, कान पुढे, आणि उतार संपताच चक्क दुडक्या चालीनं निघाली. थोरलीच्या हातून दोर सुटला. घोडी धाकटीजवळून गेली, पाववालीकडे ढुंकून पाहिलं नाही. सफरचंदवाल्याला ओलांडलं. ती थेट अंगणातल्या खुर्चीपाशी जाऊन थांबली आणि मामंजींच्या कोटाच्या उजव्या खिशात तिनं नाक खुपसलं.

मामंजी काठीकडे बघत राहिले. घोडीनं खिसा हुंगला, फुरफुरली, पुन्हा हुंगला. पोट बिघडलं होतं, सवय बिघडली नव्हती. खिशाच्या तोंडाशी गाजराचं एक टोक वर आलं, पोखरलेलं, आणि आतून गडद पिवळं.

वन्संनी विचारलं, पण आवाजात आज पट्टा नव्हता. "बाबा, तुम्ही तर पागेत जातच नाही."

"नाही जात," म्हातारा म्हणाला. "मागच्या खिडकीतून देतो. पहाटे. सूनबाई पाणी भरायला गेल्या की." आणि मग, सगळ्यांना नव्हे, एकट्या थोरलीला उद्देशून म्हणाल्यासारखं, "मी कुरणाचं बोलून बसलो होतो. शब्द मागे घेता येईना. म्हटलं, निदान घोडी तरी बरी होऊ दे."

धाकटीनं या माणसाला आजवर फक्त हुकूम सोडताना पाहिलं होतं. ज्यानं नियम केला त्यानंच तो मोडला, आणि मोडला तो खिडकीबाहेर अंधारात उभं राहून, मुलाच्या घोडीला गाजर भरवत. तिला त्यांचा राग यायला हवा होता. आत्ताच तर त्यांनी दुसऱ्याच्या माथी दोष मारला होता. पण राग येईना.

"चाल बघितली मी, बाबा," जावईबापू म्हणाले. "सरळ आहे. माझं काम झालं. आता पोटाला सुटी द्या, हळद बंद. सगळं थाऱ्यावर आलं की मग वहिनी ठरवतील द्यायची की नाही."

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "किल्ली उचला."

"नाही," थोरली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. या घरात मामंजींना कुणी 'नाही' म्हटल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं.

"चार माणसांत घेतलीत, चार माणसांत द्या. मी कठड्यावरून उचलून घेणार नाही."

म्हातारा उठला. काठी टेकत हौदापर्यंत गेला, किल्ली घेतली आणि तिच्या तळहातावर ठेवली. ठेवताना म्हणाला, "चुकलो." तिनं किल्ली कमरेला खोचली आणि गारगोटीला पुन्हा पागेकडे वळवलं.

जावईबापूंनी पांढरं औषध पिचकारीत भरलं. इथं घोडं अडलं. गारगोटी सगळं सोसते, पण तोंडात पिचकारी म्हटलं की तिचा पारा चढतो. धाकट्यानं धरायचा प्रयत्न केला, तिनं मान अशी झटकली की तो भिंतीला टेकला. थोरलीनं दोर घेतला तरी तेच. तिचा एक हात मानेवर हवा, एक दोरावर, तोंड धरायला तिसरा हात कुठून आणायचा? थोरल्याच्या हातून ती घ्यायची, बस्स.

थोरलीनं मागे वळून उंबऱ्याकडे पाहिलं. मामंजी पलीकडे उभे होते, दाराला धरून.

"मामंजी, तोंड तुम्ही धरा," ती म्हणाली. विनंती नव्हती ती. दाणाघरातला आवाज होता.

म्हातारा उंबऱ्याकडे बघत राहिला. धाकटीला वाटलं, आता मागे फिरणार. पण त्यांनी काठी दाराला टेकवून ठेवली आणि आत पाऊल टाकलं. एक, मग दुसरं. घोडीपाशी येऊन थांबले, आणि त्यांचे हात नुसतेच पुढे आले. कुठं ठेवायचे हे त्यांना कळेना.

"तो कसा धरायचा गं?" त्यांनी विचारलं.

थोरला गेल्यापासून त्यांनी त्याचा विषय कधी काढला नव्हता. कुणी काढला तर उठून जायचे. वन्संनी भावाचं मनगट घट्ट पकडलं.

थोरलीनं सासऱ्याचा हात हातात घेतला. "हा असा, कानामागून. आणि दुसरा नाकाडावर. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. आणि बोलत राहायचं. ते तिच्या कानात बोलायचे, ती ऐकत राहायची, तेवढ्यात औषध आत."

"काय बोलायचा?" मामंजींनी विचारलं.

थोरली जरा घुटमळली. मग तिनं सरळ सांगून टाकलं.

"बहुतेक तुमच्याच तक्रारी."

मामंजींनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग पुढे वाकले, तोंड घोडीच्या कानाशी नेलं.

"ऐक गं बाई," ते म्हणाले. "तो म्हातारा आहे ना, कुणाचं म्हणून ऐकत नाही. नियम स्वतः करतो आणि स्वतःच मोडतो. सुनेला चार माणसांत खाली बघायला लावतो. पोरगा गेला, तर पोराच्या घोडीपाशी येऊन एकदा उभं राहायची हिंमत…"

"बोला, मामंजी," थोरली म्हणाली. "ती ऐकतेय."

आणि ते बोलायला लागले. मुलाला मारलेली एक थप्पड, न दिलेली एक शाबासकी, काय काय निघत गेलं. गारगोटी मान खाली घालून उभी होती. जावईबापूंची पिचकारी केव्हाच रिकामी झाली होती, पण त्यांनी म्हाताऱ्याला ते सांगितलं नाही.